पदराची गाळणी

1984 च्या सुमारास भारतात नारूच्या जवळपास 40,000 रुग्णांची नोंद झाली होती. सात राज्यांतल्या खेड्यापाड्यांत हे रुग्ण होते आणि त्या सात राज्यांत महाराष्ट्रही होता. या रोगावर तेव्हा लस नव्हती, औषध नव्हतं, आजही नाही. एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही, कारण शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होत नाही. तरीही जुलै 1996 मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. देवीनंतर भारताने मुळासकट उपटून काढलेला हा दुसरा रोग. देवीचा इतिहास लशीभोवती लिहिता येतो. नारूच्या इतिहासात तसं एकच मोठं साधन नाही. तिथे विहिरीच्या पायऱ्या आहेत, गावोगाव फिरणारे आरोग्यसेवक आहेत आणि कापडाचा एक तुकडा आहे. हा कापडाचा तुकडा पुढे आफ्रिकेत माणसांच्या गळ्यात लटकला, बांगलादेशात जुन्या साडीची घडी होऊन पटकीशी लढला. आज अंगावर घालायच्या यंत्रांनी सार्वजनिक आरोग्य सुधारण्याच्या गोष्टी सर्वत्र चालल्या आहेत. त्या गोष्टींना या कापडाने काही धडे आधीच घालून दिले आहेत. अंगावर बाळगायची वस्तू समाजाचं आरोग्य राखते ती तीन अटींवर: ती माणसाच्या आधीच्या सवयीत बसली पाहिजे, प्रत्यक्ष पाणवठ्यावर तपासून घेतलेली असली पाहिजे आणि तिच्या पाठीशी यंत्रणा उभी असली पाहिजे. यांतली एक अट जरी सुटली तरी उरते ती फक्त कल्पकता.

कापडाचं महत्त्व कळायला नारूचा फेरा नीट पाहावा लागतो. नारूच्या जंताची मादी दोन ते तीन फूट लांब, शेवयीसारखी बारीक. माणसाच्या शरीरात ती सुमारे वर्षभर वाढते आणि मग बहुधा पायाच्या कातडीखाली येऊन फोड उठवते. फोडाची आग असह्य होते, म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो. पाणी लागताच फोड फुटतो आणि मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. या अळ्या सायक्लॉप्स नावाचा, जेमतेम डोळ्यांना दिसेल एवढा पाण्यातला जीव गिळतो. त्याच्या पोटात दोनेक आठवड्यांत अळी रोगक्षम होते. ते पाणी कुणी प्यायलं की सायक्लॉप्स पोटात मरतो, अळी सुटते आणि वर्षाने तोच खेळ पुन्हा सुरू. रोग्याच्या वाट्याला उपचार म्हणून यायचा तो इतकाच, की बाहेर डोकावलेलं जंताचं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढत राहायचं. घाई केली आणि जंत आत तुटला तर जखम चिघळायची, सांधा आखडायचा. कित्येक आठवडे माणूस अंथरुणाला खिळायचा, तोही अनेकदा ऐन शेतीच्या हंगामात. दख्खनमध्ये आणि पश्चिम भारतात या फेऱ्याला हक्काची जागा मिळाली ती बारवांत आणि पायविहिरींत. रहाट-पोहऱ्याच्या विहिरीत माणसाचा पाय पाण्याला लागत नाही. बारवेत मात्र पाणी भरणारा शेवटच्या पायरीवर उतरतो, घोटाभर पाण्यात उभा राहतो आणि त्याच पाण्यात घागर बुडवतो. रोगी आणि निरोगी एकाच पायरीवर भेटतात.

हे सगळं विज्ञानाला उशिरा कळलं असं म्हणता येत नाही. अलेक्सेई फेदचेन्को या रशियन निसर्गशास्त्रज्ञाने मध्य आशियातल्या तुर्कस्तानच्या मोहिमेवर असताना 1870 च्या सुमारास सायक्लॉप्सचा दुवा शोधून काढला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईच्या परळच्या प्रयोगशाळेत तुर्खुड या संशोधकांनी याच रोगावर काम केलं. म्हणजे पाण्यातला तो जीव पोटात गेला नाही तर नारू होत नाही, हे जवळपास शंभर वर्षं माहीत होतं. सायक्लॉप्स इतका मोठा असतो की दाट विणीच्या फडक्यात तो सहज अडकतो. तरीही लाखो माणसं काडीला जंत गुंडाळत बसली. ज्ञान आणि फडकं दोन्ही असताना रोग टिकून राहिला, हेच या इतिहासातलं सगळ्यात बोचरं सत्य आहे आणि त्याचं कारण शोधल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

फडकं तर आपल्याकडे फार जुनं आहे. पाणी वस्त्राने गाळून प्यावं असा संकेत मनुस्मृतीत संन्याशासाठी सांगितला आहे. जैन घरांत तर तो रोजच्या जगण्याचा नियमच झाला: दुपदरी फडक्यातून पाणी गाळायचं आणि फडक्यावर राहिलेले जीव त्याच पाणवठ्यात हलक्या हाताने परत सोडायचे. हेतू अहिंसेचा होता, रोगाचा नव्हे. पण फायदा शरीरालाही होत होता. मग नारू थांबला का नाही? एक तर ही शिस्त काही घरांपुरती होती आणि पाणवठा सगळ्या गावाचा होता. एका घराने पाणी गाळलं तरी शेजारचा रोगी त्याच पाण्यात पाय बुडवायचा. दुसरं असं, की फडकं घरच्या हंड्यावर बांधलेलं असायचं आणि तहान लागायची शेतावर, रानात, वाटेत. नांगरणारा गडी ओंजळीने पाणी प्यायचा, गुराखी ओठ टेकवून. तिसरं कारण अगदी साधं आहे: जाडंभरडं सुती कापड गढूळ पाण्यात चटकन तुंबतं, पाणी उतरेनासं होतं आणि कंटाळून बाई ते काढून ठेवते. विरळ किंवा फाटकं कापड असेल तर पाणी भराभर उतरतं, पण त्याबरोबर सायक्लॉप्सही उतरतो. थोडक्यात, सवय होती पण तिला रोगाचं ज्ञान जोडलेलं नव्हतं. ज्ञान होतं, पण ते सवयीपर्यंत पोचलेलं नव्हतं. 1983-84 पासून भारताने जो राष्ट्रीय कार्यक्रम चालवला त्याने ही दोन टोकं जुळवली. गावोगावी रुग्ण शोधले गेले, पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून त्या रहाटाच्या विहिरी केल्या गेल्या, हातपंप बसले, पाण्यात टेमेफॉस हे सायक्लॉप्सनाशक टाकलं गेलं, रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस ठेवलं गेलं आणि बारीक जाळीची फडकी घरोघर वाटली गेली. यश या सगळ्यांचं आहे. ते एकट्या फडक्याच्या नावावर लिहिणं खोटं ठरेल आणि फडकं वगळून लिहिणंही.

कापड खऱ्या अर्थाने अंगावर चढलं ते आफ्रिकेत. 1986 मध्ये जगभरात नारूचे अंदाजे 35 लाख रुग्ण होते आणि त्यांतले बहुतेक आफ्रिकेतले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटरने निर्मूलनाचं काम त्याच वर्षी हाती घेतलं. सुती फडकं तुंबतं ही अडचण तिथेही आली. तिच्यावर उत्तर म्हणून एकेरी धाग्याच्या नायलॉनचं तलम, टिकाऊ कापड आलं. ड्युपॉन्ट आणि प्रिसिजन फॅब्रिक्स या कंपन्यांनी ते देणगी म्हणून दिलं. नायलॉन सगळ्यांना पुरावं म्हणून त्याचा तुकडा मधोमध ठेवून भोवती साध्या सुती कापडाची किनार शिवली जाई, म्हणजे ते मडक्याच्या तोंडावर नीट बसे. इथे गावच्या शिंप्याची सुई रोगनिर्मूलनाच्या कामाला लागली. पण घरचं मडकं सुरक्षित झालं तरी रानातल्या तहानेचा प्रश्न उरलाच होता. त्यासाठी आली नळीची गाळणी: बोटभर जाडीची, वीतभर लांबीची नळी, एका टोकाला नायलॉनची जाळी घट्ट बसवलेली आणि गळ्यात अडकवायला दोरी. गुराखी डबक्याशी वाकतो, नळीचं जाळीचं टोक पाण्यात बुडवतो, दुसरं टोक ओठांत धरून पाणी ओढतो आणि नळी पुन्हा छातीवर सोडतो. 2001 मध्ये सुदानसाठी अशा 90 लाखांहून अधिक नळ्या तयार करून वाटण्यात आल्या. तिथे यादवी युद्ध चालू होतं, माणसं घरदार सोडून पळत होती. विहीर पाठीवर घेऊन पळता येत नाही. गळ्यातली नळी मात्र माणसाबरोबर जाते. याच सुदानमध्ये 1995 साली नारूच्या कामासाठी म्हणून जवळपास सहा महिने युद्धविराम पाळला गेला होता. अंगावरच्या वस्तूची ताकद आणि तिची गरज, दोन्ही या एका देशात स्पष्ट दिसतात.

पश्चिम आफ्रिकेत या कामाला आणखी एक कापड जोडलं गेलं. घाना, नायजेरिया या देशांत मोठा प्रसंग आला की त्याच्या नावाने खास छापील कापड काढण्याची रीत आहे. लग्न, मृत्यू, राजाचा समारंभ, निवडणूक, सगळ्यांसाठी असं कापड निघतं. लोक त्याचे कपडे शिवतात आणि अंगावरून ती बातमी गावभर फिरते. नारूच्या कार्यकर्त्यांनी या रीतीचाच आधार घेतला. पाणी गाळण्याचे आणि रोग्याने पाणवठ्यात उतरू नये हे सांगणारे आकार त्यांनी कापडावर छापून घेतले. ते कापड नेसलेली गावची कार्यकर्ती बाजारात चालत गेली, की जिथे वाचता न येणारे जास्त तिथेही संदेश पोचायचा. रंगसंगती आणि छपाई ही इथे शोभेची बाब राहिली नाही. कापड सुंदर नसतं तर ते कुणी नेसलं नसतं आणि नेसलं नसतं तर संदेश घडीतच पडून राहिला असता. कलेला आरोग्याच्या कामात जागा मिळते ती अशी: आरोग्याचा उपदेश सजवायला नव्हे, तर लोक जे आनंदाने करतात त्याला आरोग्याची जोड द्यायला. नायजेरियात शेवटचा रुग्ण 2008 मध्ये आणि घानात 2010 मध्ये सापडला. दक्षिण सुदानमध्ये 2006 साली 20,000 हून अधिक रुग्ण होते. 2024 मध्ये साऱ्या जगात मिळून 15 मानवी रुग्ण नोंदले गेले. कुत्र्यांमध्ये, चाडसारख्या देशांत, हा जंत अजून सापडतो, त्यामुळे शेवटचा टप्पा अवघड आहे. पण 35 लाखांवरून 15 पर्यंतची वाट लशीविना कापली गेली, हे नाकारता येत नाही.

सायक्लॉप्सच्या जातकुळीतले सूक्ष्म जीव आणखी एका रोगाशी जोडलेले आहेत. रिटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी अन्वर हक यांनी दाखवलं की पटकीचे जिवाणू पाण्यात नुसते मोकळे तरंगत नाहीत. ते अशा सूक्ष्म प्राण्यांच्या अंगाला मोठ्या संख्येने चिकटून राहतात. जिवाणू कुठल्याही फडक्यातून पार होतो, पण ज्याच्या पाठीवर तो बसला आहे त्याला अडवलं तर तोही अडतो. बांगलादेशातल्या मतलब भागात बायका सरबत, पेय गाळायला जुनी साडी वापरत असत. संशोधकांनी तीच साडी प्रयोगशाळेत नेली. वापरून, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीच्या निदान चार घड्या केल्या की तिच्या विणीतली छिद्रं सुमारे 20 मायक्रॉनपर्यंत बारीक होतात आणि सूक्ष्म प्राण्यांना चिकटलेले बहुतेक जिवाणू वर अडकतात. जुनी साडी नव्यापेक्षा सरस ठरली, कारण वापराने धागे पिंजले जातात आणि त्यांच्यातली फट भरते. नंतर 65 गावांत, सव्वा लाखाहून अधिक लोकांमध्ये तीन वर्षं ही घडी तपासली गेली. 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचं प्रमाण 48 टक्क्यांनी घटलं होतं. मुद्दाम पुरवलेल्या नायलॉनच्या गाळण्यांनी मिळवलेली घट त्याहून थोडी कमीच होती. पाच वर्षांनी त्याच गावांत पुन्हा पाहणी झाली, तेव्हा साधारण 31 टक्के घरं अजून पाणी गाळत होती आणि त्यांतली बहुसंख्य साडीच वापरत होती. कुणी सांगायला येत नसताना टिकलेली ही सवय आहे. ती टिकली, कारण तिच्यासाठी काही विकत आणायचं नव्हतं आणि काही नवं शिकायचंही फारसं नव्हतं. घरात फाटायला आलेली साडी होतीच.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. शहरातल्या माणसाला नळाचं शुद्ध पाणी आणि खेड्यातल्या बाईला साडीची घडी, हा न्याय आहे का? गळ्यात नळी अडकवून सरकारने हात झटकले तर काय? हा धोका खरा आहे. बुखारा शहराचं उदाहरण आक्षेपकाच्या बाजूने उभं राहतं: तिथल्या पायऱ्यांच्या तलावांतून पसरणारा नारू लिओनिद इसायेव यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला संपवला, तो मुख्यतः त्या तलावांवरच उपाय करून. भारतातही पायऱ्या बंद केल्या नसत्या तर फडक्याने एकट्याने काय केलं असतं, हा प्रश्न उरतोच. पण पाणवठा आणि गाळणी यांना एकमेकांसमोर उभं करणं चुकीचं आहे. नळ येईपर्यंतच्या वर्षांतही माणसं पाणी पितातच. शिवाय मोठी बांधकामंही आपोआप निर्धोक नसतात. बांगलादेशात तळ्याच्या दूषित पाण्याला पर्याय म्हणून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या आणि 1990 च्या दशकात कळलं, की त्यांतल्या अनेकींच्या पाण्यात अर्सेनिक आहे. साडी अर्सेनिक अडवत नाही, मोकळे जिवाणू आणि विषाणूही अडवत नाही; तिची मर्यादा स्पष्ट सांगायलाच हवी. पण लहान साधन आणि मोठी योजना दोन्ही सतत तपासत राहाव्या लागतात, हाच त्या घटनेचा बोध आहे. दुसरा आक्षेप बायकांच्या कष्टांचा आहे. पाणी आणणं त्यांच्याच डोक्यावर, आता गाळणंही त्यांच्याच माथी. हा मुद्दा मान्य करूनच म्हणावं लागतं, की नारूने आडवा झालेला नवरा, पटकीने कोमेजलेलं मूल यांची सेवाही तिच्याच वाट्याला येत होती. गाळण्याच्या दोन मिनिटांनी तिचं ते ओझं हलकं केलं. त्याबरोबर पाणी घराजवळ आणण्याची मागणी सोडायची नसते, उलट लावून धरायची असते.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. सवयीत बसणारी वस्तू शोधायची, तर टिकलीपासून ताईतापर्यंत काहीही औषधी करता येईल, असा मोह होतो. 2015 मध्ये सिंगापूरच्या एका जाहिरात संस्थेने नाशिकच्या एका वैद्यकीय प्रतिष्ठानाच्या साथीने महाराष्ट्रातल्या आदिवासी बायकांसाठी आयोडीन लावलेली टिकली आणली. कपाळाच्या कातडीतून रोजचं आयोडीन मिळेल, अशी कल्पना होती. तिचं जगभर कौतुक झालं, कारण ती दिसायला देखणी आणि सांगायला सोपी होती. पण मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं आणि ते टिकलीतून पुरेसं, नेमाने शरीरात जातं हे मतलबसारख्या क्षेत्रीय चाचणीने दाखवल्याशिवाय तिला उपाय म्हणता येत नाही. आयोडीनच्या प्रश्नावर भारतात तपासलेलं उत्तर आधीच होतं: 1956 पासून हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे वर्षानुवर्षांच्या मोजणीने सिद्ध केलं होतं. टिकलीची कल्पना वाईट हेतूची नव्हती. तिने सवयीची अट पाळली, पण चाचणी आणि यंत्रणा या अटी मागे राहिल्या. साडी जुनी आहे म्हणून थोर नाही. तीन वर्षं, 65 गावांत मोजली गेली म्हणून ती विश्वासार्ह आहे.

याच कसोटीवर आजची यंत्रं लावून पाहावीत. राजस्थानातल्या उदयपूर भागात खुशी बेबी या उपक्रमाने लहान मुलांच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात एक चिप असलेलं लटकन ओवलं आणि त्यात लसीकरणाची नोंद ठेवली. दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधायची रीत घरोघर होतीच. लशीचं कार्ड हरवतं, गळ्यातला दोरा सहसा हरवत नाही. मात्र पुढे त्या उपक्रमाचा भर आरोग्यसेविकांच्या हातातल्या मोबाइलवरच्या नोंदींकडे वळला, कारण दोऱ्यातली नोंद वाचणारी, पुढची लस वेळेवर देणारी यंत्रणा नसेल तर दोरा नुसता दोराच राहतो. मनगटावरची घड्याळं ठोके, पावलं, झोप मोजतात. पण ती बहुतांशी अशा माणसांच्या मनगटावर आहेत ज्यांच्याकडे डॉक्टर आधीच आहे आणि त्यांनी मोजलेला आकडा त्या माणसापाशीच थांबतो. सार्वजनिक आरोग्य म्हणजे एका माणसाची सुरक्षितता नव्हे. एकाच्या वागण्याने शेजाऱ्याचं पाणी, हवा, रक्त सुरक्षित होणं. नारूच्या रोग्याने पाय पाण्यात घातला नाही तर गाव वाचतं. या अर्थाने सुदानमधली नायलॉनची नळी आजच्या कित्येक महागड्या घड्याळांपेक्षा प्रगत तंत्रज्ञान होती. तिने एक फेरा तोडला आणि तो एका माणसापुरता नव्हता.

म्हणून विणणारे, रंगवणारे, शिवणारे आणि यंत्रं घडवणारे जे तरुण आज आरोग्यासाठी काही करू पाहतात, त्यांना नारूच्या इतिहासाचं सांगणं स्पष्ट आहे. आधी पाणवठ्यावर जा आणि माणसं काय नेसतात, काय बाळगतात, कशातून पितात ते पाहा. तुमची वस्तू त्या सवयीत बसवा, मग ती मोजा, वर्षानुवर्षं मोजा आणि मोजमाप विरुद्ध गेलं तर तिचा मोह सोडा. आणि ती वस्तू हाती देताना पाण्याच्या नळाची, दवाखान्याची, आरोग्यसेविकेच्या पगाराची मागणी कमी करू नका. भारतातून नारू गेला तो या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून. पुढचा रोग जाईल तोही असाच.